‘द विटनेस’ घ्यायचा का? लोकांचे रिव्ह्यू वाचून कसं ठरवायचं

सेल लागला की आमच्या ग्रुपवर कुणी ना कुणी विचारतंच, द विटनेस हा पझल गेम घेऊ का, रिव्ह्यू वाचले पण डोकं अजूनच फिरलं. आणि त्यात विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, बघाल तर बहुतेक अंगठे वरच आहेत, पण खाली वाचत गेलात की एक जण म्हणतो असा पझल गेम परत होणे नाही आणि लगेच खालचा म्हणतो टॅबलेटवर रेघा ओढायचे पैसे घेतात राव हे लोक. दोघांनीही भरपूर तास घातलेत, दोघंही खोटं बोलत नाहीत. गंमत अशी की दोघं सांगतायत ती गोष्ट एकच आहे, फक्त एकाला ती आवडली आणि दुसऱ्याच्या डोक्यात गेली. त्यामुळे या गेमच्या बाबतीत किती टक्के पॉझिटिव्ह हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे, माणूस नेमका कशामुळे खूश झाला किंवा कशामुळे उखडला ते शोधायचं आणि ते आपल्याला लागू पडतं का ते बघायचं. ते कसं करायचं तेच इथे लिहितोय, मोठे स्पॉयलर टाळून.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. जोनाथन ब्लो, ज्याने २००८ मध्ये ब्रेड नावाचा गेम काढून नाव कमावलं, त्याच्या थेक्ला कंपनीचा हा गेम. २६ जानेवारी २०१६ ला पीसी आणि पीएस ४ वर आला, मग एक्सबॉक्स वन, मॅक, आयफोन-आयपॅड असं करत पसरला. फर्स्ट पर्सन आहे, म्हणजे सगळं तुमच्याच डोळ्यांनी बघताय असं दिसतं, इथे तर तुमचे हात-पाय पण दिसत नाहीत, एका रंगीबेरंगी बेटावर एकटे फिरताय आणि जागोजागी पॅनल लावलेत. पॅनलवर भूलभुलैया असतो, गोल ठिपक्यापासून सुरुवात करायची आणि बाहेर आलेल्या टोकापर्यंत रेघ न्यायची, बस. बंदूक नाही, शत्रू नाही, बोलायला कुणी माणूस नाही, म्युझिक जवळजवळ नाहीच, आणि असं करा तसं करा सांगणारी एक ओळ स्क्रीनवर येत नाही. असे ५०० पेक्षा जास्त पॅनल. मुख्य रस्त्याने शेवटापर्यंत जायला साधारण २० तास धरा, सगळं खणून काढायचं म्हटलं तर दुप्पट किंवा त्याहून जास्त.

आता वरचा पॅरा वाचून तुमच्या मनात काय आलं तेच खरं तर निम्मं उत्तर आहे. काहीच सांगत नाही म्हणजे, मग खेळायचं कसं? असं वाटलं असेल तर पुढचं जरा नीट वाचा.

आधी तास बघा, मग अंगठा

स्टीमच्या प्रत्येक रिव्ह्यूवर त्या माणसाने किती तास खेळलाय ते लिहिलेलं असतं, रिव्ह्यू लिहिताना किती होते ते सुद्धा. फिल्टरमध्ये खेळलेल्या तासांवरून रिव्ह्यू गाळायची सोय पण आहे आणि या गेमसाठी ती वापराच. मी काय करतो, खाली अंगठा आणि १५ तासांच्या वर असलेले रिव्ह्यू आधी वाचतो. हे लोक सोन्यासारखे असतात. आवडलं नाही तरी इतके तास का बसले होते? कारण काहीतरी धरून ठेवत होतं, आणि मग काहीतरी तुटलं. नेमकं काय तुटलं ते हे लोक तपशिलात लिहितात, रागात लिहितात, आणि रागातला माणूस बारकावे सोडत नाही. कौतुक करणारे उलट गुळमुळीत असतात, अनुभव घ्याच, शब्दात सांगता येत नाही, बस. अरे सांग ना.

तासाभराच्या आत अंगठा खाली केलेल्यांचं काय? टाकून देऊ नका त्यांना, पण त्यांची तक्रार दोनपैकी एक असते. एक म्हणजे उलटीसारखं होतं, आणि ती शंभर टक्के खरी तक्रार आहे, खाली येतोच त्यावर. दुसरी म्हणजे हे काय लहान मुलांचे कागदावरचे भूलभुलैये. दुसरीवर मात्र विश्वास ठेवायच्या आधी थांबा, कारण सुरुवातीचे पॅनल मुद्दामच सोपे आहेत. काळोख्या बोगद्यात सुरुवात होते, समोर दारावर पॅनल, त्यावर एक सरळ रेघ ओढायची. पुढच्या दारावर एक वळण असलेली रेघ. मग भिंतींनी वेढलेली बाग, गेट बंद, आणि गेटपासून निघालेल्या केबल कुठे जातात ते बघत बघत पॅनल सोडवायचे. गेम काय करतोय तर एक अक्षर न बोलता शिकवतोय की रेघ कशी ओढायची आणि केबलच्या मागे जायचं असतं. ज्याला हे कळलं त्याला मजा येते, ज्याला वाटलं की हाच गेम आहे तो रिफंड मारून मोकळा होतो.

हेल्पफुल म्हणून वर येणाऱ्या रिव्ह्यूंपैकी बरेचसे एका ओळीचे जोक असतात, त्याने काही ठरवू नका. आणि २०१६ च्या सुरुवातीचे रिव्ह्यू वाचत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, तेव्हा सगळी भांडणं किमतीवरून चालली होती. गेम ४० डॉलरला आला होता आणि इंडी, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय बनलेल्या, पझल गेमला इतके का असं लोकांचं म्हणणं होतं, ब्रेड १५ डॉलरला होता म्हणून जास्तच टोचलं. आज तुम्ही सेलमध्ये बघताय, रुपयात बघताय, तर ते रिव्ह्यू सरळ सोडून द्या. तसंच ब्लो या माणसाबद्दल जे लिहितात ते पण. त्याच्याबद्दल लोकांची मतं टोकाची आहेत आणि बरेच रिव्ह्यू गेम सोडून त्यालाच दिलेले असतात, चांगलेही आणि वाईटही.

तक्रारी कशा वाचायच्या

सगळ्यात जास्त येणारी तक्रार, गेम काहीच समजावत नाही. ही तक्रार आणि गेम कधीच तुम्हाला मूर्ख समजत नाही हे कौतुक, ही एकाच नाण्याची दोन तोंडं. तुम्ही कुठल्या बाजूचे ते ओळखायला एक जागा सांगतो, सुरुवातीच्या भागातच आहे आणि स्पॉयलर अगदी छोटा आहे, तरी नको असेल तर पुढचा पॅरा सोडा.

बागेतून बाहेर पडलात की जवळच सफरचंदाची झाडं आहेत, प्रत्येक झाडासमोर एक पॅनल. पॅनलवरची रेघ झाडासारखीच फुटत जाते, बुंधा, फांद्या, उपफांद्या, आणि टोकं भरपूर. कुठल्या टोकाला जायचं ते पॅनलवर कुठेच लिहिलेलं नाही. काही लोक एकेक टोक ट्राय करत बसतात. काही जण मान वर करून मागच्या झाडाकडे बघतात, एका फांदीवर एकच सफरचंद लटकलंय, ती फांदी म्हणजे ते टोक. पुढच्या झाडाला जागा बदलून बघावं लागतं कारण पानांआड नीट दिसत नाही. आणि मग एका झाडावर सफरचंदच नाही. आता? आता खाली बघा, फांदी मोडून जमिनीवर पडलीय, ती झाडाला कुठे होती ते मनात जोडायचं. बस, अख्खा गेम म्हणजे हे. त्या मोडलेल्या फांदीपाशी तुम्ही मनातल्या मनात हसलात तर खाली अंगठा देणाऱ्या शंभर लोकांचं ऐकू नका. आणि, हे काय, हे मला आधी सांगायला नको का, असं वाटलं तर वर अंगठा देणाऱ्या हजारांचं पण ऐकू नका, पुढे हे असंच चालणार आहे, फक्त अवघड होत जाणार.

दुसरी तक्रार, नुसतं चालून चालून वैताग आला. खरी आहे. बेट फार मोठं नाही पण अडलात की दुसरीकडे जायचं, तिथे अडलात की परत यायचं, त्यात पायपीट होतेच. पळायचं बटण आहे, ते न सापडलेले लोक पण रिव्ह्यू लिहितात हे लक्षात घ्या. पुढे होडी मिळते, तीही सावकाशच. पण इथे मला थोडं बाजू घेऊन बोलावंसं वाटतं, हे बेट बनवताना ब्लोने खरे आर्किटेक्ट आणि लँडस्केप आर्किटेक्ट बसवले होते आणि ते दिसतं, कुठल्याही वळणावर उभं राहिलं तरी समोर काहीतरी मुद्दाम ठेवल्यासारखं असतं. तेव्हा चालणं हा वेळ वाया घालवणं आहे असं ज्याला वाटतं त्याने नका घेऊ, पण चालताना आजूबाजूला बघायची सवय असेल तर ते चालणं फुकट जात नाही, यापेक्षा जास्त सांगत नाही.

चुकलं की मागचं पॅनल परत सोडवायला लावतो, ही तिसरी. काही भागांत चुकीची रेघ ओढलीत की पॅनल विझतं आणि आधीचं पुन्हा सोडवून मगच ते उजळतं. हे तुक्के मारणाऱ्यांना रोखायला आहे हे उघड आहे, पण रात्री अकरा वाजता ऑफिसचं सगळं आटपून बसलेल्या माणसाला ते शिक्षेसारखंच वाटतं. या तक्रारीवर मी कुणाला दोष देत नाही. उपाय एकच, पॅनलचा फोटो मोबाईलवर काढा किंवा चौकोनी रकान्यांच्या वहीत उतरवून घ्या आणि कागदावर सोडवून मगच स्क्रीनवर ओढा.

चौथी तक्रार, स्टोरी नाही, शेवट कळला नाही, उगाच मोठ्या गप्पा. बेटावर ऑडिओ रेकॉर्डिंग विखुरलेली आहेत, त्यात आइन्स्टाईन, एडिंग्टन अशा शास्त्रज्ञांचे, काही संतांचे, तत्त्वज्ञांचे उतारे वाचून दाखवतात. कुणाला ते खोल वाटतं, कुणाला पाणचट. मला विचाराल तर काही चांगले आहेत आणि काहींनी झोप येते. पण ते ऐकले नाहीत तरी एकही पझल अडत नाही, त्यामुळे यावरून घेऊ की नको ठरवायची गरजच नाही. हां, मात्र तुम्ही गेम गोष्टीसाठीच खेळत असाल तर नकोच. पोर्टलसारखा गेम हवा होता असं लिहिणारे बरेच दिसतील, त्यांची निराशा इथूनच आलेली असते. पोर्टल २००७ चा, त्यात टोमणे मारणारी ग्लॅडॉस नावाची कॉम्प्युटर-बाई आहे, हसवतो, खोली झाली की पुढची खोली, आणि दोन-चार बैठकांत संपतो. टॅलोस प्रिन्सिपल २०१४ चा, त्यात निदान कुणीतरी तुमच्याशी बोलतं. विटनेसमध्ये यातलं काही नाही. फर्स्ट पर्सन पझल एवढं एक लेबल सोडलं तर त्यांचं नातं लांबचंच, तेव्हा पोर्टल आवडला म्हणून हा घ्या असं सांगणाऱ्या रिव्ह्यूला फार भाव देऊ नका.

ज्या तक्रारी आवडी-निवडीच्या नाहीत

इथे मात्र वाद घालायचा नाही, सरळ ऐकायचं.

चक्कर. फर्स्ट पर्सन गेममध्ये ज्यांना मळमळतं त्यातल्या अनेकांना या गेममध्ये जास्तच त्रास होतो, आणि ज्यांना इतर गेममध्ये कधी झालं नाही असेही काही जण तक्रार करतात. रिव्ह्यूमध्ये मळमळ, डोकेदुखी, मोशन सिकनेस असं शोधून वाचा, लोकांनी काय केल्यावर बरं वाटलं ते पण लिहिलेलं असतं. खोलीत दिवा चालू ठेवणं, स्क्रीनपासून लांब बसणं, सतत न पळणं, कॅमेरा फिरवायचा स्पीड कमी करणं, छोट्या बैठका. तरी पण होत असेल तर मग ते तुमच्या हातात नाही, गेम कितीही भारी असला तरी.

रंग. काही भागांतली पझल रंगांवरच उभी आहेत, एक भाग तर रंगीत काचा आणि रंगीत प्रकाश याच्यावरच आहे. ज्यांना लाल-हिरवा फरक कळत नाही त्यांच्यासाठी तो भाग जवळजवळ अशक्य, आणि बनवणाऱ्याने त्याला वेगळा पर्याय दिलेला नाही. तसंच आवाज, एक भाग पूर्ण कानाने सोडवायचा आहे, पक्ष्यांचा सूर उंच का खाली ते ओळखायचं. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांचं काय? आणि ज्यांना सूर कळतच नाही असे माझ्यासारखे? अशांचे रिव्ह्यू वैतागलेले आहेत आणि त्यात त्यांचं काही चूक नाही. दिलासा एवढाच की एकेक भाग पूर्ण केला की एकेक लेझर चालू होतो, बेटावर असे ११ आहेत आणि शेवटच्या डोंगरात शिरायला त्यातले ७ चालू केले तरी पुरतात. म्हणजे हे दोन भाग सोडूनही गेम संपवता येतो, फक्त सगळं पूर्ण केल्याचं समाधान मिळणार नाही आणि रंग अधूनमधून दुसरीकडे पण आडवे येतात. हे रिव्ह्यूमध्ये फारसं कुणी सांगत नाही, सात पुरतात हे माहीत नसल्यामुळे कितीतरी लोक पक्ष्यांच्या आवाजाशी डोकं फोडून शेवटी गेमच सोडून देतात.

रिव्ह्यू वाचताना स्वतःचा गेम नासवू नका

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आणि लोक सगळ्यात जास्त यालाच हलक्यात घेतात. या गेममधल्या पॅनलची उत्तरं बघितलीत तर तेवढं एक पॅनल गेलं, फार नुकसान नाही. पण नियम वाचलात, म्हणजे अमुक चिन्हाचा अर्थ असा, तर अख्खा भाग गेला, कारण तो अर्थ शोधून काढणं हेच तिथलं पझल आहे, नंतर उरते ती नुसती हमाली. आणि याच्यापेक्षा मोठी एक गोष्ट बेटावर आहे, ती काय ते मी लिहिणार नाही, पण ती डोळ्यांनी एकदाच सापडते आणि एकदा दिसली की मग सगळीकडे दिसते. ज्यांनी १० पैकी १० दिलेत, आयजीएन या गेम रिव्ह्यूच्या साइटने सुद्धा दिलेत, त्यातल्या कितीतरी जणांच्या आनंदाचं कारण तो एक क्षण आहे. आणि दुर्दैव असं की ती गोष्ट एका स्क्रीनशॉटमध्ये फुटते. म्हणून स्टीमवर लिखित रिव्ह्यूच वाचा, कम्युनिटीमधले स्क्रीनशॉट उघडू नका, यूट्यूबवर गेमचं नाव टाकू नका कारण थंबनेललाच सगळं घालून ठेवतात. पन्नास तासांच्या वरचे खूश रिव्ह्यू घ्यायच्या आधी न वाचलेले बरे, ते लोक भावनेच्या भरात सांगून टाकतात.

मित्राला विचारत असाल तर प्रश्न पण नीट विचारा. आवडला का असं विचारलंत तर हो किंवा नाही मिळेल, त्याचा काय उपयोग. असं विचारा, कुठे अडलास आणि अडल्यावर काय केलंस. लगेच गूगल केलं म्हणाला आणि वर गेम बोअर आहे म्हणाला, तर त्याचं मत बाजूला ठेवा. दोन दिवस सोडून दिला, मग आंघोळ करताना सुचलं म्हणाला, तर त्याचा अंगठा खाली असला तरी त्याच्याशी अजून बोला.

शेवटी रिफंडची दोन तासांची खिडकी

एवढं सगळं वाचूनही ठरत नसेल तर घेऊन बघायचं. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. पण हे दोन तास असे वापरा की काहीतरी कळेल. बोगदा आणि बाग पटकन होईल. बाहेर आलात की दोन ओळींत पॅनल दिसतील, एका ओळीत काळे-पांढरे चौकोन, दुसरीत रेघेवर ठिपके, दोन्ही शेवटपर्यंत करा, कुठेही न वाचता. पहिली दोन-तीन इतकी सोपी आहेत की हसू येईल, मग एक असं येतं की तुम्ही जो नियम मनात धरलेला तो मोडतो आणि दुसरा धरावा लागतो, तिथे स्वतःकडे लक्ष द्या, राग येतोय का मजा. मग सफरचंदाची झाडं. त्यानंतर कुठलंही न ओळखीच्या चिन्हांचं दार दिसलं की त्याला भिडू नका, ते तुमच्यासाठी अजून नाहीच आहे, पाठ फिरवून दुसरीकडे निघायचं. हे एक जमलं नाही म्हणून पहिल्या तासात हात टेकणारे असंख्य आहेत, आपल्याला शाळेपासून सवय असते की पुढचा प्रश्न मागचा सुटल्याशिवाय घ्यायचा नाही, इथे उलट आहे.

जमलं तर दोघांनी बसा, एकाच्या हातात कंट्रोलर आणि दुसऱ्याच्या हातात वही. बायको, भाऊ, रूममेट कुणीही चालेल, गेम न खेळणारं माणूस तर उत्तमच, कारण त्याला गेममध्ये काय असतं आणि काय नसतं याची सवय नसते आणि ते भलतीकडेच बघून बरोबर उत्तर सांगतं. बरेच जण रिव्ह्यूमध्ये हेच लिहितात की एकट्याने खेळलो तेव्हा कंटाळा आला, दोघांनी बसलो तेव्हा संपेपर्यंत उठलो नाही.

आणि एक, स्टीम गेम उघडा असलेला वेळ मोजतं, खेळताय की पॉज करून बसलाय याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. चहाला उठायचं असेल, जेवायला हाक आली असेल तर गेम बंद करून उठा, नाहीतर परत येईपर्यंत दोन तास उलटलेले असतील आणि मग आवडो न आवडो, गेम तुमचाच.